बाजाची पेटी, माउथ ऑर्गन आणि मधला स्वर

वाद्यांच्या इतिहासांत एक चमत्कार वारंवार आढळून येतो. वाद्य ज्या समाजांत जन्म घेतें, तेथल्या लोकांच्या गाण्याला सोयीचें असेंच तें घडविलेलें असतें; परंतु व्यापाराच्या किंवा धर्मप्रसाराच्या ओघांत तें परदेशीं जातें, तेव्हां ज्यांच्या हातीं तें पडतें त्यांच्या कानाला निराळेंच कांहीं हवें असतें. अशा वेळीं एक तर वाद्य अडगळींत पडतें, नाहीं तर नव्या धन्याच्या कानापुढें त्याला वांकावें लागतें. एकोणिसाव्या शतकांत युरोपांत तयार झालेल्या दोन सख्ख्या बहिणींच्या वांट्याला हा प्रसंग आला. एकीनें हिंदुस्थानची वाट धरली, आणि ती महाराष्ट्रांत बाजाची पेटी म्हणून नांदली. दुसरी अमेरिकेस गेली, आणि तेथल्या दक्षिणेकडील कृष्णवर्णीय मजुरांच्या खिशांत माउथ ऑर्गन होऊन राहिली. दोघींनाही सासरीं एकच बोल ऐकावा लागला : दोन स्वरांच्या मधला जो स्वर, तो तुला येत नाहीं. त्या बोलाला दोघींनीं काय उत्तर दिलें, याचाच हा इतिहास आहे.

परभणी जिल्ह्यांत जिंतूर तालुक्यांत पूर्णा नदीच्या कांठीं येलदरी नांवाचें गांव आहे. पूर्णेवरील धरणामुळें त्याचें नांव मराठवाड्याबाहेरही ऐकूं येतें. अशा गांवांतील एखाद्या तरुणानें दहा छिद्रांचा माउथ ऑर्गन विकत घेतला आणि त्यावर अमेरिकेंतील ‘ब्लूज’ वाजविण्याचें मनांत आणलें, तर त्यानें आरंभ कोठून करावा? आसपास शिकविणारा कोणी नाहीं, आणि त्या गाण्याची परंपरा तर साता समुद्रांपलीकडची. प्रश्न वरकरणी विचित्र वाटेल. पण त्याचें उत्तर बव्हंशीं भजनाच्या पेटींतच आहे. तें कसें, हें समजण्यास प्रथम या दोन वाद्यांचें नातें पाहिलें पाहिजे.

दोन्ही वाद्यांचा प्राण एकच : पितळेची एक पातळ पत्ती. ती एका टोकाशीं खिळलेली असते, दुसरें टोक मोकळें असतें, आणि खालच्या पट्टींत तिच्याच मापाची फट कापलेली असते. फटींतून वारा गेला कीं पत्ती आंत-बाहेर झुलूं लागते व स्वर उमटतो. सनईच्या जिव्हाळीचा स्वर ओठांच्या दाबानें चढतो-उतरतो. या पत्तीचा स्वर मात्र तिच्या लांबीनें व जाडीनें कायमचा ठरून गेलेला असतो. ही युक्ति मूळची पूर्वेकडची. चीन देशांतील ‘शेंग’ नांवाचें तोंडानें वाजवावयाचें वाद्य याच तत्त्वावर चालतें, आणि इ. स. पूर्व पांचव्या शतकांतील एका चिनी सरदाराच्या थडग्यांतही तें सांपडलें आहे. १७७७ च्या सुमारास आमियो नांवाच्या फ्रेंच पाद्र्यानें पेकिंगहून कांहीं शेंग पॅरिसला पाठविले. १७८० च्या सुमारास क्रॅट्झेनस्टाइन या शास्त्रज्ञानें माणसाच्या तोंडांतील स्वरवर्णांचें अनुकरण करणारें एक यंत्र अशाच पत्त्यांवर बनविलें. पुढील पन्नास वर्षांत युरोपांतील कारागिरांना या पत्तीचें जणूं वेडच लागलें.

या वेडांतून जर्मन भाषेच्या प्रदेशांत १८२० नंतर माउथ ऑर्गन निघाला, आणि पॅरिसमध्यें अलेक्झांद्र देबें यानें १८४२ सालीं ‘हार्मोनियम’ या नांवानें पेटीचा हक्क नोंदविला. ट्रॉसिंगेन गांवचा मॅथियस होनर हा मूळचा घड्याळजी. त्यानें १८५७ सालीं माउथ ऑर्गन करण्यास सुरुवात केली, तेव्हां पहिल्या वर्षीं त्याच्या हातून साडेसहाशें नग तयार झाले. थोड्याच काळांत हा माल पेट्या भरभरून अमेरिकेस जाऊं लागला. १८९६ सालीं होनरनें काढलेला ‘मरीन बँड’ हा दहा छिद्रांचा नमुना पुढें ब्लूज वाजविणारांचा जीव कीं प्राण झाला. तथापि तो त्यांच्यासाठीं बनविलेला नव्हता. जर्मन खेड्यांतील नाचाच्या गतीं आणि साधीं घरगुती गाणीं वाजवावीं, फुंकर मारली कीं सा-ग-प एकदम गोड वाजावेत, एवढाच त्याच्या रचनेचा हेतु होता.

पेटी हिंदुस्थानांत आली ती पाद्री व साहेब लोकांबरोबर. पायांनीं भाता हलवावयाचा, खुर्चीवर बसून दोन्ही हातांनीं वाजवावयाचें, असें तिचें रूप होतें. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पाव भागांत तिला जमिनीवर बसविलें. भाता मागें आला, एक हात भात्यावर गेला, एक हात पट्ट्यांवर राहिला. गाणें एकपदरी आहे, त्याला दुसऱ्या हाताच्या साथीची गरज नाहीं, हें ओळखूनच हा बदल झाला होता. यंत्र परदेशाचें खरें. पण त्याची बैठक या देशानें आपल्या रीतीप्रमाणें बदलून घेतली.

महाराष्ट्रांत पेटीचें भाग्य रंगभूमीनें उजळलें. ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’चा प्रयोग झाला आणि संगीत नाटकाचें युग सुरू झालें. शेंकडों माणसांच्या गर्दींत नटाला सूर देण्यास मोठा, अखंड व भरदार आवाज पाहिजे. तो पेटीनें आणि पुढें पायपेटीनें, म्हणजे ऑर्गननें, पुरविला. या काळांतून पेटीचे जे थोर वादक निपजले त्यांत कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे हे अग्रगण्य होत. १८८१ सालीं जन्मलेल्या टेंब्यांना पेटी हातांत धरून शिकविणारा गुरु लाभला नव्हता. भास्करबुवा बखल्यांची साथ करतां करतां आणि अल्लादियाखांसाहेबांचें गाणें कानांत सांठवितां सांठवितां त्यांचा हात घडला. १९११ च्या ‘मानापमान’ नाटकांतील चाली त्यांच्याच. शिकणारांनीं हें विशेष ध्यानांत ठेवण्याजोगें आहे कीं, पेटींतून काय निघावें हें टेंबे पेटीपासून शिकले नाहींत. तें ते गळ्यापासून शिकले.

परंतु पेटीवर जो मुख्य आक्षेप होता तो टेंब्यांसारख्या वादकाच्या कर्तबगारीनेंही पुसला जाणारा नव्हता. पेटीचें सप्तक सारख्या अंतराच्या बारा पट्ट्यांत विभागलेलें. दरबारींतला आंदोलित गांधार किंवा तोडींतला अति कोमल गांधार या बारांत नेमका बसत नाहीं. आणि मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटतां घसरत जाणें, तें तर पट्टीच्या यंत्राला मुळींच साधत नाहीं. सारंगी गळ्याबरोबर चालते. पेटी पायऱ्यांनीं चढते.

हा दोष दूर करण्याचा पहिला मोठा यत्न सांगलीस झाला. सेवानिवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं अब्दुल करीमखांसाहेबांच्या गळ्याची मदत घेऊन श्रुतींचीं मापें काढलीं आणि १९१० सालीं बावीस श्रुतींवर इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. क्लेमेंट्स नांवाच्या सनदी अधिकाऱ्यानें त्यांस पाठिंबा दिला, आणि या मापांबरहुकूम श्रुतींची पेटी विलायतेंत बनवून घेण्यांत आली. १९१६ सालीं बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तेव्हां या श्रुतींवरून व पेटीवरून मोठा वाद माजला. पंडित भातखंड्यांना हा मार्ग मान्य नव्हता. देवलांची कळकळ थोर होती, यांत शंका नाहीं. परंतु त्यांचा उपाय इंजिनियराचा होता. स्वर कमी पडतात, तर पट्ट्या वाढवा. पट्ट्या वाढल्या तरी दोन पट्ट्यांच्या मधला घाट कांहीं ओलांडला जाईना.

आतां दुसऱ्या बहिणीकडे वळूं. १८६५ सालीं अमेरिकेंत गुलामगिरी कायद्यानें नष्ट झाली. दारिद्र्य मात्र राहिलें. मिसिसिपी नदीच्या खोऱ्यांत कापसाच्या शेतांवर राबणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या हांका, कामाचीं गाणीं आणि प्रार्थनागीतें यांतून विसाव्या शतकाच्या आरंभीं ब्लूज हा गायनप्रकार उदयास आला. डब्ल्यू. सी. हँडी यांच्या ‘सेंट लुई ब्लूज’नें १९१४ सालीं त्यास छापील रूप दिलें, आणि १९२० सालीं मेमी स्मिथ या गायिकेच्या ध्वनिमुद्रिकेनें तो घरोघर पोंचला. त्याची बांधणी साधी आहे. चार-चार मात्रांचे बारा खंड, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचें एक आवर्तन. पहिले चार खंड षड्जाच्या आधारावर, पुढचे दोन मध्यमाच्या, मग दोन षड्जाच्या. नंतर एक पंचमाचा, एक मध्यमाचा, आणि अखेरचे दोन पुन्हां षड्जाचे. गाणारा एक ओळ म्हणतो, तीच पुन्हां म्हणतो, आणि तिसऱ्या ओळींत तिचें उत्तर देतो. प्रत्येक ओळीनंतर जी जागा उरते ती वाद्यानें भरावयाची. गवयानें तान टाकली कीं तिचें शेपूट पेटीवाल्यानें उचलावें, तशांतलाच हा प्रकार.

पण या गाण्याचा जीव त्याच्या बांधणींत नसून त्याच्या गांधारांत आहे. हा गांधार ना धड कोमल ना धड शुद्ध. तो कोमलाजवळून निघतो, शुद्धाकडे झुकतो, आणि मध्येंच कोठें तरी कळवळतो. निषादाची व पंचमाची गतही बरीचशी तशीच. खिशांतलें स्वस्त जर्मन वाद्य तर असें, कीं त्यांत कोमल गांधार आढळत नाहीं, मग मधला स्वर कोठून असावा! ज्यांच्यापाशीं दुसरें वाद्य घेण्याइतका पैसा नव्हता, त्यांना याच वाद्यांतून तो काढावा लागला. आणि त्यांनीं तो काढला, तोही पत्त्यांना हात न लावतां. त्यांनीं फक्त श्वासाची दिशा बदलली.

पांढरी एकचा माउथ ऑर्गन घेतला तर फुंकल्यावर त्यांत पांढरी एकचे सा-ग-प वाजतात; कारागिराच्या मनांतील षड्ज तो. ब्लूज वाजविणारा हा षड्ज बाजूला ठेवतो. तो दुसऱ्या छिद्रांतून श्वास आंत ओढतो. तेथें पांढरी पांचचा स्वर असतो, त्यास तो आपला षड्ज मानतो. मग तिसऱ्या छिद्रांत ओढल्यावर शुद्ध गांधार, चवथ्यांत पंचम आणि पांचव्यांत कोमल निषाद मिळतो. मध्यम व धैवत हे फुंकण्याचे स्वर होतात. म्हणजे मुक्कामाचे महत्त्वाचे स्वर ओढीव श्वासावर आले, आणि सप्तकांत शुद्ध गांधाराबरोबर कोमल निषाद आला. मराठी कानाला ही रचना नवी नाहीं. हा सरळ खमाज थाट झाला. अमेरिकेंत या पद्धतीला ‘क्रॉस हार्प’, म्हणजे आडवी वाट, असें म्हणतात. ब्लूज शिकणाऱ्या नवशिक्याचा खरा पहिला धडा हाच.

दुसरा धडा याहून कठीण आहे. माउथ ऑर्गनच्या प्रत्येक छिद्रामागें एक लहान खोली असते व तिच्यांत दोन पत्त्या असतात. एक फुंकण्याची, एक ओढण्याची. जिभेची मागची बाजू थोडी खालीं घेऊन, ‘ई’ म्हणतां म्हणतां ‘ऊ’कडे वळावें तशी तोंडाची पोकळी बदलून श्वास ओढला, तर या दोन पत्त्या एकमेकींच्या ओढींत सांपडतात आणि वरचा स्वर खालच्याकडे घसरूं लागतो. तिसऱ्या छिद्रांत या दोन पत्त्यांमधील अंतर सर्वांत मोठें असल्यामुळें तेथें शुद्ध गांधारापासून कोमल गांधार, ऋषभ आणि थेट कोमल ऋषभापर्यंत एका श्वासांत उतरतां येतें. चवथ्या छिद्रांत पंचमावरून तीव्र मध्यमास, तर दुसऱ्यांत षड्जावरून शुद्ध व कोमल निषादास जातां येतें. याला इंग्रजींत स्वर वांकविणें म्हणतात. मराठींत मींड हा शब्द तयारच आहे. ज्या यंत्रांत मींड अशक्य म्हणून विद्वानांनीं हात टेकले होते, त्याच जातीच्या यंत्रांत अक्षरशत्रु मजुरांनीं ती साधली होती.

मग पेटीला हें कां साधूं नये? कारण यांत्रिक आहे. पेटींत प्रत्येक स्वराच्या पत्तीस स्वतंत्र खण असतो आणि भात्याचा वारा एकाच दिशेनें जातो. दोन विरुद्ध पत्त्या एका खोलींत नसल्यामुळें त्यांची झटापट होत नाहीं; आणि वादकाचें तोंड, जीभ व घसा हीं वाऱ्याच्या वाटेंत येतच नाहींत. माउथ ऑर्गनमध्यें भाता म्हणजे माणसाचीं फुप्फुसें. पेटीवाल्याला हें भाग्य लाभलें नाहीं; त्यानें निराळी वाट काढली, तिचा विचार पुढें होईल.

या दोन्ही कथांत एक तिसरें पात्र येतें, आणि तें म्हणजे रेडिओ. २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईचें नभोवाणी केंद्र सुरू झालें. त्याच वर्षीं डिसेंबरांत अमेरिकेंतील नॅशव्हिल शहराच्या डब्ल्यू. एस. एम. केंद्रावर डीफोर्ड बेली नांवाच्या वादकानें आगगाडीची गति हुबेहूब उठविणारी आपली ‘पॅन अमेरिकन ब्लूज’ ही गत वाजविली. तींतील भरधाव गाडी ऐकून निवेदक जॉर्ज हे याला जी कोटी सुचली, तीवरून त्या कार्यक्रमास ‘ग्रँड ओल ऑप्री’ हें आजतागायत गाजणारें नांव पडलें. बेली हा १८९९ सालचा, टेनेसी प्रांतांतला. तिसऱ्या वर्षीं त्याला पोलिओ झाला आणि वर्षभर तो अंथरुणास खिळला. त्या काळांत करमणुकीसाठीं त्याच्या हातीं माउथ ऑर्गन आला. दुरून जाणाऱ्या गाड्या, शिकारी कुत्र्यांचें भुंकणें, आवारांतलीं कोंबडीं, जें जें कानावर पडे तें तें तो पत्त्यांतून काढूं पाही. पडल्या पडल्या ऐकणें हीच त्याची शाळा. वर्णभेदाच्या त्या दिवसांत, दौऱ्यावर असतां त्याला अनेक हॉटेलांत जागा मिळत नसे. रेडिओवर मात्र लाखों घरें त्याची वाट पाहत.

त्या घरांचें दार त्याला १९४१ सालीं बंद झालें. गीतांच्या हक्कांवरून नभोवाणी केंद्रें आणि हक्कदारांची संस्था यांच्यांत तंटा पेटला होता; बेलीच्या लोकप्रिय गती त्यांत सांपडल्या आणि अखेर त्याला कार्यक्रमांतून काढून टाकण्यांत आलें. उरलेलें आयुष्य त्यानें नॅशव्हिलमध्यें बूट-पॉलिशच्या दुकानावर काढलें. १९८२ सालीं तो वारला. अमेरिकेच्या कंट्री संगीताच्या कीर्तिमंदिरांत त्याला स्थान मिळालें तें २००५ सालीं.

योगायोग असा, कीं याच सुमारास हिंदुस्थानच्या रेडिओवर पेटीचाही गळा दाबला गेला. १९३६ सालीं नभोवाणीला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हें नांव मिळालें होतें व लायनेल फील्डन हे तिचे प्रमुख होते. रेडिओच्या दिल्ली केंद्रांत पाश्चात्य संगीताचें काम पाहणारे जॉन फोल्ड्स यांनीं १९३८ सालीं पेटीवर कडक लेख लिहिला. १९४० च्या जानेवारींत रवींद्रनाथ ठाकुरांनीं कलकत्ता केंद्रास पत्र लिहून पेटीविषयीं आपली नापसंती कळविली. आणि १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओवर पेटीला बंदी झाली. हे लोक कांहीं संगीताचे शत्रु नव्हते. आपल्या संगीतांतील सूक्ष्म स्वर यंत्राच्या बारा पट्ट्यांखालीं चिरडले जातील, नव्या पिढीचा कान बोथट होईल, ही त्यांची भीति खरी होती. तिला आधार नव्हता असेंही म्हणतां येणार नाहीं. पेटीच्या पट्टीवर बोट ठेवून त्याबरोबर ओरडणें म्हणजेच गाणें, अशी समजूत असलेलीं मुलें त्या काळीं घरोघर दिसत.

पण बंदीनें एक गोष्ट नजरेआड केली. दोष वाद्याचा कीं शिकविण्याच्या रीतीचा, हा प्रश्न तिनें विचारलाच नाहीं. पेटी रेडिओवरून गेली. मैफलींतून, नाटकांतून व भजनांतून ती हालली नाहीं. आणि जे थोर वादक तिला चिकटून राहिले, त्यांनीं बंदीच्या त्या तीन दशकांत आक्षेपाचें उत्तर बोटांनीं दिलें. पी. मधुकर यांच्या हातीं पेटी गाऊं लागली अशी जाणत्यांची साक्ष आहे. त्यांचे शिष्य, गोव्यांतील बोरीचे तुळशीदास बोरकर यांना २०१६ सालीं पद्मश्री मिळाली. मराठवाड्याच्या जालना भागांत १९२२ सालीं जन्मलेल्या अप्पा जळगांवकरांनीं भीमसेन जोशींसारख्या गवयांची साथ करून पेटी मोठ्या ख्यालाच्या पंक्तीला नेऊन बसविली.

त्यांची युक्ति काय होती? पहिली पट्टी पुरती सुटण्यापूर्वींच दुसरीला हलका स्पर्श करावयाचा; मुख्य स्वराच्या अगोदर शेजारच्या स्वराचा कण लावावयाचा; भात्याचा दाब असा कमी-जास्त करावयाचा, कीं स्वर उगवावा, फुलावा व मावळावा; आणि जो स्वर पेटींत नाहीं त्याच्या जागीं हात आंखडता घेऊन तो गवयासाठीं मोकळा सोडावयाचा. या रीतीनें मींड प्रत्यक्ष वाजत नाहीं. ऐकणाराचा कान ती पुरी करून घेतो. अमेरिकेंतल्या वादकानें मधला स्वर घशानें काढला, मराठी वादकानें तो सुचविला. दोघांनाही तो स्वर आधीं मनांत ऐकूं येत होता, म्हणूनच हें शक्य झालें.

बेलीची जागा रिकामी झाली त्याच १९४१ सालीं नोव्हेंबरांत आर्कान्सा प्रांतांतील हेलेना गांवच्या रेडिओ केंद्रावर ‘किंग बिस्किट टाइम’ हा कार्यक्रम सुरू झाला. पिठाच्या जाहिरातीसाठीं निघालेल्या या कार्यक्रमांत सनी बॉय विल्यमसन या नांवानें ओळखला जाणारा राइस मिलर माउथ ऑर्गन वाजवी, आणि शेतमजूर दुपारच्या सुटींत तो ऐकत. पुढें शिकागोच्या गजबजलेल्या गुत्त्यांत लिटल वॉल्टर यानें वाद्य व मायक्रोफोन एकाच ओंजळींत धरले. त्याची ‘ज्यूक’ ही गत १९५२ सालीं ब्लूजच्या विक्रीच्या यादींत आठ आठवडे पहिली राहिली. एका रेडिओनें दार लावलें, तर दुसऱ्यानें उघडलें. इकडे पेटीवरील बंदी १९७१ पासून टप्प्याटप्प्यानें सैल झाली. आधीं नामांकित कलावंतांच्या साथीपुरती, नंतर अधिक. देवलांचा श्रुतींचा ध्यासही अगदीं मावळला नाहीं. अलीकडच्या काळांत डॉ. विद्याधर ओक यांनीं बावीस श्रुतींची पेटी सिद्ध करून तो धागा पुन्हां उचलला आहे.

माउथ ऑर्गनही महाराष्ट्रास परका राहिला नाहीं. मुंबईच्या चित्रपटांनीं तो घरोघर पोंचविला. १९५८ च्या ‘सोलवां साल’मधील गाण्यांत आणि १९६४ च्या ‘दोस्ती’ चित्रपटांत राहुलदेव बर्मन यांनीं तो वाजविला. १९७५ च्या ‘शोले’मध्यें भानु गुप्ता यांनीं वाजविलेली संध्याकाळची धून ठाऊक नाहीं असा मराठी माणूस विरळा. मात्र हें वादन बहुधा सरळ चालीचें होतें; ब्लूजची आडवी वाट तींत क्वचितच येते. त्यामुळें आपल्याकडील हौशी लोकांची समजूत अशी झाली, कीं चाल वाजली म्हणजे वाद्य आलें. ब्लूजचा नवशिक्या येथेंच फसतो. एकेका छिद्रांतून स्वच्छ स्वर निघूं लागला कीं तो गाण्यांच्या मागें धांवतो. दुसऱ्या छिद्रांतला ओढीव स्वर घुसमटतो, तिसऱ्यांतला वांकत नाहीं. मग वाद्य खराब आहे असें ठरवून तो तें टाकून देतो. वाद्य बहुधा निर्दोष असतें. श्वास जोरानें ओढला जातो, जीभ ताठ राहते, आणि मुख्य म्हणजे कोणता स्वर काढावयाचा हें कानाला ठाऊक नसतें.

येलदरीच्या त्या तरुणास आतां उत्तर देतां येईल. त्यानें पांढरी एकचा माउथ ऑर्गन घ्यावा आणि भजनाच्या पेटीपाशीं बसावें. पेटीवाल्याकडून पांढरी पांचचा षड्ज धरवून घ्यावा, आणि त्यास आधीं शुद्ध गांधार, मग कोमल गांधार वाजविण्यास सांगावें. हे दोन स्वर म्हणजे रस्त्याच्या दोन टोकांना पुरलेले दगड होत. पेटी त्यांना हलूं देत नाहीं, हा येथें तिचा गुणच ठरतो. मग तिसऱ्या छिद्रांतून हलकेच श्वास आंत घ्यावा, जीभ खालीं सोडावी, आणि शुद्धाकडून कोमलाकडे इतक्या सावकाश उतरावें कीं मधली प्रत्येक जागा कानाला लागावी. आठवडा जाईल, कदाचित् महिना जाईल. ज्या दिवशीं स्वर त्या दोन दगडांच्या मध्यें, ज्या जागेला पेटींत पट्टी नाहीं तेथें, क्षणभर स्थिर उभा राहील, त्या दिवशीं त्या तरुणाला ब्लूजचा आरंभ सांपडला असें समजावें. आणि पेटीवाल्यालाही, रोज बोटांखालून निसटणारा स्वर नेमका कोठें राहतो, हें त्याच वेळीं ऐकूं येईल.